डावा पंख जड का होतो?

स्वतःचं विमान जोडून उडवण्याचे संगणकीय खेळ आता बरेच आहेत. केर्बल स्पेस प्रोग्रॅम, सिंपलप्लेन्स, एक्स-प्लेनबरोबर येणारा प्लेन मेकर ही त्यातली ठळक नावं. हे खेळ खेळणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार ठरलेली असते. विमान दिसायला झकास, धावपट्टीही नीट सोडतं, आणि मग कुणी काही न करता एका कुशीवर वळायला लागतं. दांडा उजवीकडे दाबून धरला की सरळ, सोडला की पुन्हा डावा पंख खाली.

नाशिकच्या पोराने जोडलेलं पहिलं विमान बहुधा मिग नाहीतर सुखोई असतं. ही विमानं इथे डोक्यावरून जाताना पाहिलेली असतात. शहरापासून वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि नाशिकचे खासदारही होते, त्या काळात, १९६४ साली तो मिग-२१ साठी उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला अशी कामाची वाटणी होती. पुढे मिग-२७ आलं, २००४ पासून सुखोई-३० एमकेआय बाहेर पडू लागलं, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए हवेत झेपावलं.

खेळातल्या पोराची तक्रार खऱ्या विमानांच्या जगातही नवी नाही. नवं किंवा दुरुस्त केलेलं विमान चाचणीसाठी उडवून आणणारा वैमानिक कधीकधी उतरल्यावर तेच सांगतो, ‘लेफ्ट विंग हेवी’. डावा पंख जड वाटतोय. त्यावर अभियंते काय करतात हे पाहिलं, तर खेळातलं विमान सरळ करायची रीतही सापडते. कारणं अनेक असतात, पण उपायांचा क्रम ठरलेला असतो: आधी सांगाडा, मग वजन, मग ट्रिम (बारीक जुळवणी) आणि सर्वांत शेवटी संगणक. खेळात बहुतेक जण नेमके उलट्या टोकापासून सुरुवात करतात.

रोललाच ही खोड का?

विमान तीन प्रकारे फिरतं. नाक वर-खाली होणं म्हणजे पिच, नाक डावी-उजवीकडे वळणं म्हणजे यॉ, आणि नाकापासून शेपटीपर्यंतच्या रेषेभोवती कलंडणं म्हणजे रोल. यातल्या पहिल्या दोन हालचालींना शेपूट आवर घालतं. नाक वर गेलं की आडव्या शेपटीवर खालून हवा बसते, शेपूट वर ढकललं जातं आणि नाक पुन्हा खाली येतं. नाक बाजूला वळलं की उभी शेपटी तसंच काम करते. म्हणून पिचमध्ये किंवा यॉमध्ये थोडी चूक राहिली, तर विमान जरा वेगळ्या कोनात स्थिरावतं, पण फिरत सुटत नाही.

रोलला असा राखणदार नाही. विमान सरळ पुढे जाताना डावा पंख वीस अंश खाली असला, तरी समोरून येणाऱ्या हवेच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. दोन्ही पंखांना हवा त्याच वेगाने, त्याच कोनात लागते. जमीन कुठे आहे हे हवेला ठाऊक नसतं, त्यामुळे विमान आडवं करायची तिला गरजही वाटत नाही.

हवा एक गोष्ट मात्र करते. पंख खाली जात असताना त्याला खालून जास्त कोनात हवा लागते, त्याची उचल वाढते आणि खाली जाण्याला विरोध होतो. वर जाणाऱ्या पंखाची उचल त्याच वेळी कमी होते. याला रोलचं अवमंदन म्हणतात. त्यामुळे कलंडण्याचा वेग वाढत राहत नाही, एका ठिकाणी थांबतो. पण अवमंदन फक्त वेगाला ब्रेक लावतं, झालेला कल परत काढत नाही. डावी-उजवीकडे किंचितही फरक राहिला आणि विमान सेकंदाला एक अंश कलंडू लागलं, तर दीड मिनिटात पंख उभा झालेला असेल. पिचमध्ये खपून जाणारी चूक रोलमध्ये साठत जाते, ती अशी.

पंख जितके लांब, तितकं हे अवमंदन जास्त. मिग-२१ च्या दोन पंखटोकांमधलं अंतर अवघं ७.१५ मीटर, सुखोई-३० चं १४.७ मीटर. खेळात दोन्ही विमानं जोडली आणि दोन्हींत सारखीच चूक राहिली, तर आखूड पंखांचं मिग झटक्यात उलटं होईल आणि सुखोई सावकाश कलंडेल. पहिलंच विमान म्हणून मिग-२१ निवडणारा अवघड पेपर आधी सोडवायला घेतो.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. पोटाशी वजन टांगलं की विमान आपोआप सरळ होईल, असं अनेकांना वाटतं आणि ते तळाला जड भाग जोडत बसतात. त्याने कल जात नाही. टांगलेली वस्तू सरळ होते, कारण तिला वर एका ठिकाणी धरून ठेवलेलं असतं. विमानाला वर कुणीच धरलेलं नसतं. त्याची उचल पंखांबरोबरच तिरकी होते, वजन गुरुत्वमध्यातूनच खाली ओढतं, आणि दोन्हींच्या खेचाखेचीतून सरळ करणारा पीळ तयार होत नाही. वर पंख असलेली विमानं थोडी स्थिर असतात हे खरं, पण त्याचं कारण वेगळं आहे. ते पुढे येईल.

अर्धा अंश आणि पन्नास किलो

सांगाड्यातली चूक किती महाग पडते, ते एका हिशेबात पाहू. हजार किलोचं छोटं विमान धरा. सरळ उडताना प्रत्येक पंख पाचशे किलो उचलतो आणि त्या वेळी पंख हवेशी पाच अंशांचा कोन करून आहे. ठराविक मर्यादेत उचल या कोनाच्या प्रमाणात वाढते. आता उजवा पंख बसवताना फक्त अर्धा अंश जास्त उचलला गेला. अर्धा अंश म्हणजे पाच अंशांचा दहावा हिस्सा, म्हणजे उजवा पंख पन्नास किलो जास्त उचलणार. ही उचल मध्यरेषेपासून दोन मीटरवर लागते असं मानलं, तर विमान कलंडवणारा पीळ झाला शंभर किलो-मीटर.

डोळ्यांना अर्धा अंश दिसत नाही. खेळात तर पंख माउसने ओढून बसवलेला असतो, आणि डावा एका भागाला, उजवा दुसऱ्याच भागाला चिकटलेला असू शकतो. म्हणून विमानाचे कारखाने नजरेवर विसंबत नाहीत. पंखाचे आणि धडाचे भाग जिगमध्ये, म्हणजे पक्क्या पोलादी चौकटीत धरून जोडले जातात. विमान उभं राहिल्यावर ते जॅकवर उचलून समपातळीत आणतात आणि सांगाड्यावरच्या ठरलेल्या खुणा डावीकडून आणि उजवीकडून मोजतात. पंखटोक ते शेपटी, पंखटोक ते नाक, पंखाच्या मुळाचा कोन आणि टोकाचा कोन. डावा-उजवा फरक मर्यादेबाहेर गेला, तर ते विमान उड्डाणाला जात नाही.

खेळात जिगचं काम सिमेट्रीचं बटण करतं. केर्बलमध्ये त्याचे दोन प्रकार आहेत, आरशातल्यासारखी प्रतिमा देणारा आणि गोल फिरवून बसवणारा. पहिला विमानासाठी, दुसरा रॉकेटसाठी. विमानाचे पंख चुकून दुसऱ्या प्रकाराने जोडले, तर एक पंख पालथा बसतो आणि विमान भिंगरीगत फिरतं. सिंपलप्लेन्समध्ये एक बाजू पूर्ण करून ती आरशाने दुसऱ्या बाजूला उमटवता येते. कोनाचं स्नॅपिंग चालू ठेवावं आणि भाग फिरवण्याचं साधन असेल, तर कोन आकड्यांत तपासावा. शंका आली, तर एक पंख काढून टाकावा आणि पुन्हा आरशाने उमटवावा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

सगळे भाग दोन्हीकडे सारखेच हवेत, असं मात्र नाही. सुखोई-३० ची ३० मिलिमीटरची तोफ फक्त उजव्या पंखाच्या मुळाशी आहे, डावीकडे तिची जोडी नाही. तरी विमान सरळ उडतं, कारण ती मध्यरेषेच्या जवळ आहे आणि तिचा भार हिशेबात धरलेला आहे. जुळवायचे असतात ते दोन बाजूंचे पीळ. भाग जुळले नाहीत तरी चालतं.

वेग वाढवा, विमान उत्तर देईल

कल सांगाड्यामुळे आहे की वजनामुळे, हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. हवेचं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, वजन मात्र तेवढंच राहतं. मघाच्या विमानाचा वेग दुप्पट केला, तर वाकड्या पंखाची जास्तीची उचल पन्नासवरून दोनशे किलोवर जाईल. त्याऐवजी डाव्या पंखात पन्नास किलो इंधन जास्त असेल, तर ते दुप्पट वेगालाही पन्नासच किलो राहील, आणि एलेरॉनची, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या कडेच्या पृष्ठभागांची, ताकद मात्र चौपट झालेली असेल.

म्हणून वेग वाढवला की विमान जास्त जोराने कलंडतं, तेव्हा पंखाचा किंवा शेपटीचा कोन चुकलेला असतो. वेग वाढवला की कल सौम्य होतो आणि वेग उतरला की वाढतो, तेव्हा वजन तपासावं. सुरुवातीला सरळ उडणारं विमान पाच-दहा मिनिटांनी कलायला लागलं, तर इंधन एकाच बाजूच्या टाकीतून संपतं आहे. केर्बलमध्ये टाक्यांचा प्राधान्यक्रम दोन्ही बाजूंना सारखा ठेवून हे टाळता येतं. इंजिनाचा जोर वाढवला-कमी केला की कल बदलत असेल, तर दोष इंजिनाच्या बाजूला आहे. दांडा किंवा रडर, म्हणजे उभ्या शेपटीचा वळणारा भाग, हलवल्यावरच विमान बिथरत असेल, तर नियंत्रणाचे पृष्ठभाग आणि शेपूट पाहावं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा उडायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या की विमान सरळ झालं तरी कशाने झालं ते कळत नाही.

वजनाच्या बाबतीत अंतर फार महत्त्वाचं. कावडीच्या दोन्ही टोकांना सारखे घडे हवेत; खांद्याजवळ काही थोडंसं अडकवलं तरी तोल फारसा जात नाही. विमानातही पंखाच्या टोकाला टांगलेलं दहा किलो मुळाशी ठेवलेल्या शंभर किलोइतका त्रास देऊ शकतं. या हिशेबाचं नाशिकमधलं मोठं उदाहरण म्हणजे सुखोईवरचं ब्रह्मोस. हवेतून डागायच्या या क्षेपणास्त्राचं वजन अडीच टनांच्या घरात. ते पंखाखाली एका बाजूला लावलं, तर दुसऱ्या बाजूला तेवढंच काहीतरी लागेल, आणि डागल्याच्या क्षणी विमान उलट बाजूला फेकलं जाईल. म्हणून ते पोटाखाली, मध्यरेषेवर बसवलं. त्यासाठी सुखोईत बदल केले गेले आणि २५ जून २०१६ रोजी ब्रह्मोस घेऊन विमानाचं पहिलं उड्डाण नाशिकलाच झालं. क्षेपणास्त्र सुटलं की विमान हलकं होतं, पण कलंडत नाही. खेळात बॉम्ब टाकल्यावर विमान एका बाजूला झुकत असेल, तर उपाय हाच आहे: जड माल मध्यरेषेवर ठेवा, नाहीतर डावा-उजवा जोडीने सोडा.

प्रोपेलरचा उलटा पीळ

प्रोपेलरचं विमान जोडणाऱ्यांची अडचण वेगळी असते. इंजिन प्रोपेलर एका दिशेने फिरवतं, तेव्हा प्रोपेलरही इंजिनाला, म्हणजे आख्ख्या विमानाला, उलट दिशेने पिळतो. वैमानिकाच्या जागेवरून पाहताना प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, तर विमान डावीकडे कलंडू पाहतं.

हा पीळ किरकोळ नसतो. ओझरच्या कारखान्यात एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाचीही जोडणी होते. ३१ मे २०१६ रोजी पहिल्यांदा उडालेलं हे टर्बोप्रॉप विमान आहे. त्याच्या वर्गातल्या इंजिनाची ताकद साधारण ७०० किलोवॅट धरा आणि प्रोपेलरचे मिनिटाला १,६०० फेरे धरा. भागाकार केला तर पीळ येतो सुमारे ४,२०० न्यूटन-मीटर. मध्यरेषेपासून एक मीटरवर सव्वाचारशे किलोंचं ओझं टांगल्यासारखाच तो झाला. उड्डाणाच्या क्षणी इंजिन पूर्ण जोरात आणि वेग कमी, म्हणजे पीळ सर्वांत जास्त आणि एलेरॉन सर्वांत दुबळे. जोडीला प्रोपेलरमागची हवा गोल फिरत येऊन उभ्या शेपटीला एका बाजूने धडकते आणि नाकही वळवते.

यावर खेळात सर्वांत साफ इलाज म्हणजे दोन प्रोपेलर, उलट दिशांना फिरणारे. एकच हवा असेल, तर थोडं ट्रिम, किंचित वळवलेली शेपटी, आणि जोर एकदम पूर्ण न देता हळूहळू वाढवणं. यातलं कुठलंही जुळवणं एकाच वेगाला आणि एकाच जोराला अचूक बसतं. उंचावर सरळ उडताना अचूक जुळवलेलं विमान उतरताना जोर कमी केला की उलट बाजूला कलतं. तो दोष समजून पुन्हा दुरुस्तीला बसू नये.

रडर मारलं आणि विमान लोळलं

रोल आणि यॉ एकमेकांपासून सुटे नसतात. विमान बाजूला घसरलं, म्हणजे हवा किंचित एका बाजूने लागू लागली, की पंखांची उचल असमान होते. पंख टोकांकडे वर उचललेले असतील, म्हणजे डायहेड्रल असेल, तर ज्या बाजूने हवा लागते तो पंख जास्त उचल घेतो आणि विमान त्या हवेपासून दूर कलतं. खाली गेलेल्या पंखाकडे विमान घसरतं, तिकडून हवा लागते, पंख वर उचलला जातो. विमानात आपसूक सरळ होण्याची जी काही शक्ती असते, ती या आडवाटेनेच येते. वर बसवलेल्या पंखांचा फायदाही याच मार्गाने मिळतो. धडाभोवतून वळणारी हवा खालच्या बाजूच्या पंखाला आधार देते.

मागे झुकलेले पंखही हाच परिणाम करतात, आणि पंख फार झुकलेले असले तर तो प्रमाणाबाहेर जातो. मिग-२१ च्या त्रिकोणी पंखाची पुढची कड ५७ अंश मागे झुकलेली आहे. म्हणून त्याचे पंख वर उचललेले नाहीत, उलट दोन अंश खाली झुकवलेले आहेत. चित्रावरून मिग जोडणारी मुलं तो दोन अंशांचा झुकाव बारकावा समजून सोडून देतात, आणि मग बाजूचा वारा लागला की विमान लोळतं. पोटाखाली शेपटीच्या बाजूला असलेला, माशाच्या परासारखा छोटा फिनही तसाच उगाच दिलेला नाही. तो नाक सरळ ठेवायला मदत करतो, आणि गुरुत्वमध्याच्या खाली असल्यामुळे वरच्या उंच शेपटीमुळे होणारा रोलही थोडा खातो.

उंच शेपटीचा रोल खेळात हमखास भेटतो. रडर डावीकडे वळवलं की शेपूट उजवीकडे ढकललं जातं. ते बल गुरुत्वमध्याच्या वर लागतं, म्हणून नाक डावीकडे जात असतानाच विमान आधी उजवीकडे कलतं. एका उंच शेपटीऐवजी दोन बुटक्या शेपट्या लावल्या किंवा खाली एक फिन दिला की हे कमी होतं.

उलट बाजूची गोष्ट राइट बंधूंना १९०२ मध्ये त्यांच्या ग्लायडरवर कळली. पंख पिळून ते विमान कलवत. ज्या पंखाची उचल वाढवायची त्याला हवेचा अडथळाही जास्त होई, आणि नाक वळायच्या उलट दिशेला जाई. स्थिर उभी शेपटी लावून काम भागलं नाही. काही वेळा तिने विमान आणखी बिघडवलं. शेवटी त्यांनी शेपटी वळणारी केली आणि तिची दोरी पंखांच्या पिळाला जोडली. १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणाआधीचा हा मोठा अडथळा तिथे दूर झाला. खेळात लांब पंखांचं ग्लायडर जोडलं की हाच त्रास होतो. उपायही तोच आहे, रोलबरोबर थोडं रडर. दुसरा उपाय म्हणजे वर जाणारं एलेरॉन खाली जाणाऱ्यापेक्षा जास्त कोनात उचलायचं.

उभी शेपटी आणि डायहेड्रल यांचं प्रमाण बिघडल्याची दोन लक्षणं आहेत. डायहेड्रल जास्त आणि शेपटी अपुरी असेल, तर विमान डावी-उजवीकडे झोकांड्या खात, नाक घुमवत जातं. हा डच रोल. शेपटी मोठी आणि डायहेड्रल अपुरं असेल, तर एका बाजूला आलेला कल हळूहळू वाढतो आणि विमान गिरक्या घेत खाली उतरत जातं. पहिल्यात शेपटी वाढवावी, दुसऱ्यात पंखांची टोकं एक-दोन अंश उचलावीत. सावकाश वाढणारा दुसरा दोष बऱ्याच खऱ्या विमानांतही थोडाफार असतो, आणि वैमानिक तो सहज सांभाळतो.

एलेरॉनला कोण आज्ञा देतं?

सांगाडा, वजन, शेपटी सगळं ठीक असूनही दांडा हलवला की विमान भलतीकडे जात असेल, तर नियंत्रणाची जोडणी पाहावी. खेळ अनेकदा प्रत्येक हलणाऱ्या पृष्ठभागाला पिच, यॉ आणि रोल तिन्ही आज्ञा देऊन मोकळा होतो. मग रडरही रोलमध्ये हलतं आणि एलेरॉनही पिचमध्ये. पंखाच्या टोकाकडच्या पृष्ठभागांना फक्त रोल, आडव्या शेपटीला फक्त पिच, उभ्या शेपटीला फक्त यॉ अशी कामं वाटून द्यावीत. गुरुत्वमध्य सरकला असेल, तर पुढच्या-मागच्या पृष्ठभागांच्या दिशा उलटलेल्या नाहीत ना, हेही जमिनीवर उभ्यानेच तपासावं. खऱ्या विमानात वैमानिक उड्डाणाआधी दांडा सगळीकडे फिरवून पाहतो, तो यासाठीच.

पंखात लवचीकपणा असेल, तर आणखी एक गोची होते. वेग फार वाढला की खाली वळलेलं एलेरॉन उचल वाढवण्याऐवजी आख्खा पंखच पिळतं, पंखाचा कोन कमी होतो आणि विमान आज्ञेच्या उलट कलतं. केर्बलमध्ये सांधे लवचीक असल्याने मोठे पंख असे वागतात. आधाराचे स्ट्रट लावले की सुधारतात. मिग-२७ च्या मागे-पुढे सरकणाऱ्या पंखांवर एलेरॉनच नाहीत. त्यांचं रोलचं काम पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे वर उघडून उचल घटवणाऱ्या पट्ट्या, आणि एकमेकांविरुद्ध वळणारी आडवी शेपटी करते. असं विमान जोडायचं असेल, तर आडव्या शेपटीच्या दोन्ही अर्ध्यांना पिच आणि रोल अशा दोन्ही आज्ञा मुद्दाम द्याव्या लागतात.

कमी वेगात, नाक खूप वर असताना एकदम एक पंख पडत असेल, तर तो स्टॉल आहे. त्या पंखावरची हवा सुटली. तिथे एलेरॉन मारून उपयोग होत नाही, उलट पंख आणखी पडतो. नाक खाली करावं, वेग घ्यावा. हे टाळायचं, तर पंखाचं टोक मुळापेक्षा एक-दोन अंश खाली पिळावं, म्हणजे हवा आधी मुळाशी सुटते आणि टोकाकडचं एलेरॉन शेवटपर्यंत काम देतं.

ट्रिम आणि मग संगणक

हे सगळं करूनही थोडा कल राहतोच. खऱ्या विमानातही राहतो. त्यासाठी ट्रिम असतं. छोट्या विमानांच्या एलेरॉनला मागच्या कडेला पत्र्याची एक लहान पट्टी असते. चाचणीनंतर मेकॅनिक ती जमिनीवर हाताने किंचित वाकवतो आणि जड पंख हलका होतो. केर्बलमध्ये ऑल्ट दाबून रोलची कळ दाबली की तेच होतं. ट्रिम उरलेल्या चिमूटभर चुकीसाठी आहे. एलेरॉनच्या एकूण हालचालीतला मोठा हिस्सा ट्रिममध्येच खर्च होत असेल, तर परत सांगाड्याकडे जावं.

आणि आता संगणक. केर्बलमधलं एसएएस किंवा सिंपलप्लेन्समधल्या फंकी ट्रीज या सूत्रांनी बनवलेलं नियंत्रण ठरलेलं काम करतं: विमान किती कललं ते पाहायचं, हव्या असलेल्या कोनापासून ते किती दूर आहे ते मोजायचं, तेवढ्या प्रमाणात एलेरॉन उलट वळवायचं, आणि कल आधीच कमी होत असेल तर हात आखडता घ्यायचा. प्रमाण फार वाढवलं की विमान थरथरायला लागतं, चिन्ह उलटं पडलं की सावरण्याऐवजी जोराने लोळतं.

तेजस पाहून कुणी म्हणेल, की हल्लीची विमानं संगणकावरच तर उडतात. खरं आहे. तेजसला आडवी शेपटीच नाही. त्रिकोणी पंखाच्या मागच्या कडेचे एलेव्हॉन पिच आणि रोल दोन्ही सांभाळतात, आणि चार समांतर वाहिन्यांची डिजिटल यंत्रणा त्यांना आज्ञा देते. ४ जानेवारी २००१ च्या पहिल्या उड्डाणापासून ते तसंच आहे. पण तेजसमध्ये मुद्दाम ठेवलेली अस्थिरता पिचमधली आहे, चपळाईसाठी. डावा पंख उजव्यापेक्षा वाकडा बसवून संगणकाने तो सांभाळावा, असं कुणी योजत नाही.

याचं कारण एलेव्हॉनकडे पाहिलं की कळतं. तो पृष्ठभाग वीसेक अंश वळू शकतो असं धरा. नाक वर ठेवायला त्यातले बारा अंश गेले आणि वाकडा पंख सांभाळायला पाच, तर वळण घ्यायला तीनच उरले. सरळ उड्डाणात संगणक दोष इतका सफाईने झाकतो की वैमानिकाला पत्ता लागत नाही. मग एक जोरदार वळण घ्यायची वेळ येते, पृष्ठभाग टोकाला जाऊन अडकतो, आणि झाकलेला दोष एकदम बाहेर पडतो. खेळात एसएएस लावून सरळ उडणारं विमान लढाईत अचानक भिरभिरतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून शेवटची परीक्षा संगणक बंद करून द्यावी. उंचावर जा, वेग स्थिर करा, ट्रिम शून्यावर आणा, दांडा सोडा आणि दहापर्यंत मोजा. तेवढ्यात विमान पाच-सात अंशांहून जास्त कललं नाही, तर सांगाडा उत्तम आहे. उरलेलं ट्रिमला आणि संगणकाला खुशाल सोपवा. दहा मोजायच्या आतच पंख उभा झाला, तर खाली उतरा आणि दोन्ही पंखांचे कोन पुन्हा मोजा.